रक्तात ‘एम बँड’ निघाला, तर नागपूर गाठावे का?

आर्वी तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने, वय 64, आरोग्य शिबिरात रक्त तपासून घेतले आणि ग्लोब्युलिन (रक्तातील प्रथिनांचा एक गट) थोडे वाढलेले दिसल्यामुळे डॉक्टरांनी ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ ही रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून दाखवणारी पुढची तपासणी लिहून दिली. अहवालाच्या कागदावर एक आलेख होता: डावीकडे अल्ब्युमिनचा उंच सुळका, आणि उजवीकडे जेथे एरवी वारुळासारखा पसरट उंचवटा असतो, तेथे बाभळीच्या काट्यासारखे एक अरुंद टोक. खाली ‘एम बँड, 1.1 ग्रॅम’ असे लिहिलेले होते. प्रकृती ठणठणीत होती. प्रश्न एवढाच, की कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर सोडून नागपूरला रक्तविकारतज्ज्ञाकडे जायचे की नाही.

आपल्या अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी नाना प्रकारची प्रतिपिंडे बनवतात, म्हणून तो उंचवटा पसरट असतो. त्यांतील एकाच पेशीची पिलावळ वाढली, तर एकाच साच्यातील प्रथिन (एम प्रथिन) रक्तात साचते आणि आलेखावर ते टोक, म्हणजे एम बँड, उमटते. हे प्रथिन दर डेसिलिटरला 3 ग्रॅमपेक्षा कमी, मज्जेतील अशा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि कोणत्याही अवयवाला इजा नाही, अशा अवस्थेला डॉक्टर ‘एमगस’ म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये हे नाव रूढ केले. त्यांच्याच पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 3 टक्के लोकांत ही अवस्था आढळली. तिचे मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजारात रूपांतर होण्याचे प्रमाण वर्षाला साधारण 1 टक्का आहे, म्हणजे बहुतेकांच्या आयुष्यात ती वेळ येतच नाही.

तरीही ‘काही होत नाही’ म्हणून कागद फडताळात टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण हा 1 टक्का सर्वांना सारखा लागू नसतो. एम प्रथिन 1.5 ग्रॅम किंवा अधिक असणे, ते ‘आयजीजी’ या प्रतिपिंडाच्या प्रकाराखेरीज अन्य प्रकारचे असणे आणि ‘फ्री लाइट चेन’चे, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या प्रतिपिंडांच्या दोन प्रकारच्या तुकड्यांचे, गुणोत्तर बिघडलेले असणे, या तीन गोष्टींवर धोका ठरतो. तिन्ही नसतील तर 20 वर्षांत सुमारे 5 टक्के, तिन्ही असतील तर सुमारे 58 टक्के, इतकी ही तफावत आहे. लाइट चेनचा नमुना तालुक्याहून बहुधा मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि तपासणीला काही हजार रुपये लागतात. पण आपण कोणत्या गटात मोडतो हे तिच्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदा तज्ज्ञाकडे जावेच, मात्र वेचणी आटोपल्यावर गेले तरी बिघडत नाही. धोका कमी असेल तर मज्जेची तपासणीही सहसा टाळता येते, सहा महिन्यांनी एकदा आणि पुढे दोन-तीन वर्षांनी रक्त तपासणे पुरते, आणि ते गावाजवळच्या डॉक्टरांकडेही होऊ शकते. या अवस्थेवर औषध दिले जात नाही. देणारा भेटला तर सावध राहावे.

थांबू नये अशी लक्षणे मात्र वेगळी आहेत: रात्रीही न थांबणारी हाडांची दुखणी, वाढते क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची रक्तातील खूण), वाढलेले कॅल्शियम, घसरते हिमोग्लोबिन, फेसाळ लघवी, तळपायांना वाढत जाणारा बधिरपणा. आपल्याकडे घोळ येथेच होतो. हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाची कमतरता किंवा सिकलसेल, आणि कंबर दुखली की डवरणी-निंदणीचा शीण, असे गृहीत धरले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एम बँड असलेल्या माणसाच्या बाबतीत ते तपासूनच म्हणावे. कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि मग क्रिएटिनिन कशाने वाढले हे उलगडणे तज्ज्ञालाही जड जाते. त्यामुळे त्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्यावीत.

पहिला आलेख फायलीत सर्वांत वर लावावा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण 1.1 चे 1.3 झाले ते खरोखर वाढले की यंत्र बदलले, हे ठरवायला तोच कागद लागतो.