शिदोरी, छागल आणि जीप : खान्देशातल्या आडवाटेच्या प्रवासामागची गोष्ट

धुळ्या-जळगावची मंडळी हल्ली चार-सहा गाड्या जुळवून सातपुड्यात शिरतात. कुणी तोरणमाळला जातं, कुणी चांदसैली घाट चढून धडगावकडे, कुणी पालच्या जंगलाच्या कडेला. टपावर तंबू, मागे वीस लिटरचे कॅन, गॅसची छोटी शेगडी, बॅटरीवर चालणारा फ्रिज असा सगळा सरंजाम असतो. निघायच्या आदल्या रात्री सामानाची यादी फोनवर फिरते. ती बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातल्या नाहीतर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी यादीवरून उतरवलेली असते. यादी वाईट नसते. पण तिच्यात कळण्याचं पीठ नसतं, बट्टी नसते, आणि ४५ अंशांच्या उन्हात पाणी गार कसं ठेवायचं याला फ्रिजखेरीज उत्तर नसतं. ही उत्तरं खान्देशात फार पूर्वीपासून आहेत. ती कुठून आली ते इथे मांडतो.

आधी त्या 'ओव्हरलँड' शब्दाविषयी थोडं. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबईची डाक आणि प्रवासी इजिप्तमध्ये उतरून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठत, त्या वाटेला इंग्रज 'ओव्हरलँड रूट' म्हणत. ऑस्ट्रेलियात शेकडो मैल गुरं हाकत नेणाऱ्यांना 'ओव्हरलँडर' हे नाव पडलं. पुढे १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेले, आणि घर गाडीत भरून दूर जाण्याच्या हौसेला आजचं रूप येऊ लागलं. आपल्याकडे या प्रकाराला वेगळं नाव पडलं नाही. गावाला जायचं म्हणजे पीठ, तवा आणि अंथरूण बरोबर घेऊनच जायचं, हे गृहीत होतं.

खान्देशाच्या बाबतीत ही वाट फार जुनी आणि फार मोठी आहे. सुरत बंदरात उतरलेला माल आणि माणूस बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जायचा, तो तापीच्या खोऱ्यातूनच. नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही गावं त्या वाटेवर भरभराटली. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला पोहोचला. तिथल्या सराईत त्याला मिळालेल्या खोल्या विटांच्या, वरून गोल आणि भट्टीएवढ्याच होत्या. त्याने त्या सोडून आपल्या तंबूत मुक्काम केला. तंबू बरोबर होता म्हणून त्याचं निभावलं.

पंधरा वर्षांनी त्याच वाटेने पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी गेला, आणि त्याचं वर्णन वाचताना आजही पोटात कालवतं. १६३० चा नोव्हेंबर होता. गुजरात आणि खान्देशावर भीषण दुष्काळ पडला होता. नंदुरबारच्या भागात आपला लहानसा तंबू ठोकायलाही प्रेतांमुळे जागा सापडेना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वाटेत काहीतरी मिळेलच या भरवशावर निघालेला माणूस अशा वर्षी जगत नव्हता. आमच्या भागातल्या जुन्या बायका दोन दिवसांच्या गावाला जातानाही चार दिवसांचं पीठ बांधतात. लोक त्याला भाबडेपणा म्हणतात. मला त्या सवयीच्या मुळाशी असे दुष्काळ दिसतात. पुढचा १८९९-१९०० चा छप्पन्न्या दुष्काळ तर घराघरांतल्या आठवणीत परवापरवापर्यंत होता.

मंडीच्याच, म्हणजे सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बंजाऱ्यांचे तांडे पाहिले. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. कुणी धान्य वाहायचं, कुणी तांदूळ, कुणी डाळी, कुणी मीठ. अरुंद वाटेवर तांडा समोर आला तर गाडीवाल्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे. बैलांना गव्हाच्या पिठात तूप आणि गूळ मळून केलेले गोळे चारत, हेही त्याने टिपलं आहे. गहू, गूळ, तूप : लांबच्या चालीला लागणारं बळ कशात आहे हे बैलाच्या बाबतीत जे कळलं होतं, तेच माणसाच्या शिदोरीतही उतरलं. या मालवाहतुकीला लदेणी म्हणत. ओझं बैलाच्या दोन्ही अंगांना सारखं आलं पाहिजे, ही लदेणीची पहिली अट. एका गोणीत अच्छेरभर, म्हणजे अर्धा शेर, जास्त गेलं तरी संध्याकाळपर्यंत बैलाची पाठ सोलून निघते.

गाड्या आल्यावर तोलाचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि चढावर बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त भरली तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जड पोती आखाच्या बरोबर वर, हलकं सामान कडेला, आणि चारा खाली बांधलेल्या झोळीत. आखाजवळ वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. ते विसरलं तर चाक कुरकुरत, तापत जायचं आणि जंगलात मध्येच गाडी बसायची. आज टपावर तंबू, पाण्याचे कॅन आणि जादा चाक असं सगळं एकावर एक चढवून घाटात वळणारी गाडी पाहिली की मला ती उलाळ गाडी आठवते. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. चार माणसं, तीन दिवस, माणशी रोजचं पाच लिटर धरलं तर साठ किलो होतात. एवढं वजन डोक्यावर ठेवायचं नसतं, दोन्ही आखांच्या मध्ये आणि शक्य तितकं खाली ठेवायचं असतं. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही गाडीवानाने हे न विचारता सांगितलं असतं.

आता शिदोरीकडे येतो, कारण खान्देशाने खरी अक्कल इथे खर्च केली आहे.

उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात कणीक दुपारपर्यंत आंबते. ओलं कालवण संध्याकाळ पाहत नाही. त्यामुळे पाणी जितकं कमी तितका पदार्थ टिकतो, या एका गोष्टीभोवती प्रवासाचं सगळं खाणं रचलं गेलं. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या की त्या मऊ राहतात आणि भाकरीपेक्षा जास्त टिकतात. सोवळ्याच्या काळात दशमीला आणखी एक सोय होती. पाणी न घालता केलेली म्हणून ती प्रवासात, परक्या जागीही खाता येई. धर्माने घातलेलं बंधन आणि उन्हाने घातलेलं बंधन इथे एकाच उत्तराने सुटलं.

कळण्याची भाकरी तर आमच्या भागाची ओळख. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळायचं, तो कळणा. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही, आणि डाळ पिठातच आलेली असल्यामुळे वर ठेचा आणि कांदा असला तरी जेवण पुरं होतं. लाल मिरचीचा कोरडा ठेचा तेलात परतून नेला तर आठवडा सहज जातो. हिरव्या मिरचीचा मात्र पहिल्याच दिवशी संपवायचा.

मग उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून ठेवलेलं वाळवण. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, मुगाच्या वड्या. बिबडा निखाऱ्यावर धरला की फुलतो, तेल लागत नाही. भाजी मिळत नसेल तिथे वड्यांचा रस्सा होतो. महामार्गावरच्या ढाब्यांनी गाजवलेली शेवभाजीसुद्धा मला प्रवासाचाच पदार्थ वाटते. जाड तिखट शेव महिनाभर टिकते, सुकं खोबरं टिकतं, काळा मसाला तर वर्षभर टिकतो. कांदा तेवढा विस्तवात भाजून घ्यायचा. ताज्या भाजीचं पानही न लागता चार माणसांचं गरम कालवण तयार होतं. बाहेरच्या याद्यांमध्ये डबाबंद सूप आणि शेवयांची पाकिटं लिहिलेली असतात, तिथे अर्धा किलो शेव आणि मसाल्याची एक पुडी लिहावी.

आणि बट्टी. ती करताना कुणाच्या शेतावर पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहावी. जाडसर दळलेला गहू, त्यात थोडा मका, मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. घट्ट मळून मुठीएवढे गोळे वळतात. गोवऱ्या पेटवून ज्वाळ पूर्ण बसू देतात, राखाडी विस्तव राहिला की गोळे त्यात पुरतात. अर्ध्या-पाऊण तासात मधूनमधून काडीने उलटतात. वरचं कवच तडकलं आणि आतून गव्हाचा भाजका वास आला की काढून फडक्यात घेतात, दोन्ही टोकं धरून झटकतात, राख झडून जाते. मग फोडून तूप. तवा नको, पोळपाट नको, लाटणं नको. वरणाला लागेल तेवढं एक पातेलं बास. हिवाळ्यात शेतावर होणारी भरीत पार्टीही याच घराण्यातली. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी आणि ताट म्हणून केळीचं पान. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी कितीतरी पिढ्या शेतावर हेच जेवण होत आलं आहे.

पाण्यासाठी छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, वर लाकडी बूच, गळ्याला दोरी. पूर्वी मोठ्या लवाजम्याबरोबर चामड्याच्या पखाली असत. छागल गाडीवानाची, पुढे ट्रकवाल्याची आणि जीपवाल्याची. कोरी छागल आधी रात्रभर पाण्यात भिजवावी लागते, मगच कापडाचे धागे फुगून छिद्रं मिटतात. तरी ती थोडी पाझरतेच, आणि ते पाझरणंच कामाचं. बाहेर आलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गाडी जितकी पळते, ऊन जितकं कोरडं, तितकं पाणी गार. खान्देशचा मे महिना छागलीसाठी अगदी योग्य, कोकणात ती एवढी चालणार नाही. माझी आजी सामान भरताना अहिराणीत म्हणायची, "पानी पह्यले, मंग बाकी बठ्ठं." कुठलीही शिदोरी तिने पाण्याआधी गाडीत चढू दिली नाही.

हे सगळं मागे कसं पडलं? १८६० च्या दशकात मुंबईहून रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला आली. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरकडे आली. लदेणीचा धंदा बसला, तांडे चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या माळांवर स्थिरावले. दहा दिवसांचा प्रवास एका रात्रीवर आला, तशी पिठाची गोणी जाऊन डबा आला, आणि पखालीच्या जागी फिरकीचा तांब्या. वळकटीला होल्डॉल म्हणू लागले. महामार्गांवर ढाबे झाले तेव्हा डबाही सुटला.

जिथे रेल्वे आणि ढाबा पोहोचला नाही तिथे मात्र जुनी रीत टिकली. दिवाळीत तळोद्याकडून अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जाणारी मंडळी आजही पाणी आणि भाकर पाठीवर घेऊन डोंगर चढतात. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी महिन्याहून जास्त दिवस चालून पंढरपूरला पोहोचते, तिच्यामागे धान्य आणि भांड्यांची गाडी असतेच. महिंद्राने १९४७ मध्ये सुटे भाग आणून भारतात जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सातपुड्याच्या कच्च्या वाटांवर जी वाहनं टिकली ती जीपच. तिच्या पुढच्या बाजूला छागल लटकलेली मी लहानपणी पाहिली आहे. मागे असायचा तो वीस लिटरचा जेरीकॅन १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी घडवलेला. तीन मुठींचा, म्हणजे एकट्याला किंवा दोघांना मिळून उचलता येईल असा. बाहेरून आलेली चांगली वस्तू घ्यायला इथे कुणी कधी हरकत घेतली नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती पाळायलाच हवी. शेतातला विस्तव वेगळा आणि जंगलातला वेगळा. यावलसारख्या अभयारण्यात उघडी आग पेटवायची नसते, आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत सातपुड्यातलं गवत ठिणगीची वाटच पाहत असतं. बट्ट्या घरून भाजून न्याव्यात, तिथे शेगडीवर वरण करावं. नेलेलं प्लास्टिक मोजून परत आणावं.

सामान भरण्याचं जिवंत शास्त्र पाहायचं असेल तर साक्रीच्या बाजूला ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता मुक्काम, हलताना पाहावा. मेंढ्या पुढे निघालेल्या असतात. बाई घोडीवर अख्खं घर चढवते. आधी घोंगड्या, म्हणजे पाठीला काही टोचत नाही. त्यावर दोन्ही बाजूंना सारखी पिठाची आणि भांड्यांची ओझी. मग दोर, खुंट्या, वर गुंडाळलेलं पाल. सगळ्यांत वर, अगदी हाताशी, नुकतं जन्मलेलं कोकरू. एकही गाठ अशी नसते जी एका ओढीत सुटणार नाही. दसरा-दिवाळीनंतर नंदुरबार, साक्री, चाळीसगावकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचंही तसंच. पाच-सहा महिन्यांचं बिऱ्हाड एका ट्रकच्या कोपऱ्यात बसवायचं असतं. हौस म्हणून नाही, पोटासाठी. ज्वारीची पोती तळाला, अंथरुणं त्यावर, पाण्याचा हंडा पोरांच्या जवळ. तवा आणि पिठाचा डबा फळीपाशी सगळ्यांत शेवटी चढतात, कारण रात्री अनोळखी फडावर उतरल्यावर पहिल्यांदा तेच लागतात.