पहिलं शीख युद्ध आणि दुसरं शीख युद्ध: नेमका फरक कुठे?

दोन्ही युद्धांत इंग्रजांचा सरसेनापती एकच, ह्यू गफ. मध्ये जेमतेम दोन वर्षांचं अंतर. त्यामुळे सोब्राँव कुठल्या युद्धातलं आणि चिलियाँवाला कुठल्या, यात हमखास गल्लत होते. खरं तर ही दोन युद्धं अगदी वेगळी आहेत.

पहिलं (डिसेंबर १८४५ ते मार्च १८४६) सतलजच्या काठी झालं. रणजितसिंग १८३९ मध्ये गेले होते, गादीवर लहानगा दलीपसिंग होता. खालसा फौज जिवाच्या कराराने लढली, घात केला तो तिच्याच सेनापतींनी. फिरोजशहाच्या लढाईत इंग्रजांची अवस्था इतकी बिकट होती की गव्हर्नर जनरल हार्डिंगने सरकारी कागदपत्रं जाळून टाकायचा निरोप धाडला होता. दुसऱ्या दिवशी शीख सेनापती तेजसिंग ताज्या दमाची फौज घेऊन आला आणि निर्णायक हल्ला न करताच माघारी फिरला! सोब्राँवलाही त्याने आधीच पळ काढला. मागे होड्यांचा पूल तुटला आणि हजारो शीख सतलजमध्ये बुडाले. म्हातारा शामसिंग अटारीवाला मात्र पांढरी वस्त्रं लेवून मरायलाच उतरला होता. शरण न जाता तो लढता लढता पडला.

तहात जालंधर दुआब (बियास आणि सतलज यांमधला मुलूख) गेला, दीड कोटींची खंडणी बसली. ती भरता येईना म्हणून काश्मीर द्यावं लागलं आणि इंग्रजांनी ते ७५ लाखांना जम्मूच्या गुलाबसिंगाच्या हवाली केलं. राज्य तेवढं नावाला उरलं.

दुसरं पेटलं एप्रिल १८४८ मध्ये, मुलतानला, आणि तेही तिथला कारभारी दिवाण मूलराज या हिंदू अधिकाऱ्याच्या बंडातून. पुढे चत्तरसिंग आणि शेरसिंग हे अटारीवाले बापलेक उठले. मुलतानच्या वेढ्यात मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. चिलियाँवालाला (१३ जानेवारी १८४९) इंग्रजांची दोन हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, तेव्हा लंडनने गफच्या जागी नवा सेनापती नेमला. तो पोचायच्या आत, २१ फेब्रुवारीला, गफने गुजरातची लढाई तोफांच्या जोरावर जिंकली. हे गुजरात म्हणजे आपलं शेजारी राज्य नव्हे, चिनाबजवळचं पंजाबी शहर.

मला सर्वात जास्त सलतो तो या युद्धाचा शेवट. १८४६ च्या भैरोवाल करारानुसार दलीपसिंग सोळा वर्षांचा होईपर्यंत इंग्रजच त्याच्या राज्याचे राखणदार होते. बंड दलीपसिंगाच्या दरबाराविरुद्धही होतं, तरी २९ मार्च १८४९ ला नवा गव्हर्नर जनरल डलहौसीने त्या दहा वर्षांच्या पोराचं राज्य खालसा केलं आणि कोहिनूरही घेतला.