हायड्रोजन हॅलाइडे

हायड्रोजनाचा एक व हॅलोजनाचा (फ्ल्युओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या गटातील मूलद्रव्याचा) एक अणू मिळून बनणारी संयुगे. फ्ल्युओराइड, क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड ही त्यांतील महत्त्वाची चार. चारही रंगहीन, झोंबऱ्या वासाची व दमट हवेत धूर सोडणारी आहेत.

उकळबिंदू अनुक्रमे १९.५°, −८५°, −६७° व −३५° से. आहेत. शेवटच्या तिघांत रेणुभाराबरोबर चढ दिसतो. फ्ल्युओराइडाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतल्यामुळे ते या क्रमात बसत नाही. सोलापुरात मे महिन्यात ते वायू असते आणि जानेवारीच्या पहाटे पारा १५-१६° वर उतरला की द्रव. काचेच्या बाटलीत ते ठेवता येत नाही. काचेतील सिलिकेपासून सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड बनून काच खाल्ली जाते.

फ्ल्युओरीन सर्वांत विद्युत्-ऋण (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारे), म्हणून त्याच्या हायड्रोजन हॅलाइडाचे पाण्यातील अम्ल सर्वांत तीव्र, असे उत्तर विद्यार्थी हमखास लिहितात. वस्तुस्थिती उलट आहे. बंध-ऊर्जा किलोज्यूल प्रतिमोलमध्ये सुमारे ५७०, ४३१, ३६६ व २९८ अशी उतरत जाते आणि अम्लांची तीव्रता त्याच क्रमाने चढते. हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाच्या सौम्यपणाचे दुसरे स्पष्टीकरण असे, की त्याचे आयनीभवन बरेच होते, पण हायड्रोनियम व फ्ल्युओराइड आयन जोडीनेच राहतात. अवरक्त वर्णपटाचा पुरावा या मताला अनुकूल असला, तरी बंध-ऊर्जेला वगळून उलगडा पुरा होत नाही.

मीठ-अम्लाचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक अम्लाचा, शोध आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर घालण्याची जुनी प्रथा आहे. त्यांच्या नावावर फिरणारे लॅटिन ग्रंथ बहुधा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून जाबिरचे नव्हेत, असे आता सामान्यतः मानतात. अम्ल वेगळे काढल्याची स्पष्ट वर्णने सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. तीच ग्राह्य धरणे बरे. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ च्या सुमारास हायड्रोजन क्लोराइड वायू पाऱ्यावर गोळा केला. त्यात ऑक्सिजन नाही, हे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखविले.

मिठावर संहत सल्फ्यूरिक अम्ल ओतून तापविल्यास क्लोराइड मिळते. वायू पाण्यात सोडताना नळी थेट बुडवू नये. एक आकारमान पाण्यात चारशेहून अधिक आकारमाने वायू विरघळतो, दाब पडतो आणि पाणी उलटे शोषले जाऊन तापलेला चंबू तडकतो. त्यासाठी पालथे नरसाळे पाण्याला जेमतेम टेकवतात. ब्रोमाइड व आयोडाइड या रीतीने नीट मिळत नाहीत. दोन्ही क्षपणकारक, म्हणजे सल्फ्यूरिक अम्लाचे क्षपण करून स्वतः ऑक्सिडीभूत होणारी, असल्यामुळे चंबूत तांबूस ब्रोमीन किंवा जांभळी वाफ दिसते. आयोडाइडाच्या वेळी सडक्या अंड्यांचा वासही येतो. तेथे फॉस्फोरिक अम्ल वापरावे.

सिल्व्हर नायट्रेटाबरोबर पांढरा, फिक्कट पिवळसर व पिवळा साका अनुक्रमे क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड देतात. फ्ल्युओराइड देत नाही. पेरॉक्साइडाच्या उपस्थितीत प्रोपीनशी मार्कोव्हनिकॉव्ह नियमाविरुद्ध (हायड्रोजन आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनाला जोडला जातो, हा तो नियम) संयोग फक्त ब्रोमाइडाचा होतो.

चादरी व टॉवेलांच्या सुताच्या रंगाईमुळे हायड्रोक्लोरिक अम्ल सोलापूरकरांच्या ओळखीचे आहे. नॅप्थॉल पद्धतीत सुताची लड आधी अल्कधर्मी नॅप्थॉलमध्ये भिजवून पिळतात, मग डायझो केलेल्या बेसच्या (नायट्राइट व अम्लाने डायझोनियम संयुगात बदललेल्या ॲमिनाच्या) हौदात घालतात. बेस डायझो करताना एक मोल ॲमिनाला अडीच ते तीन मोल अम्ल व किंचित जादा सोडियम नायट्राइट लागते. स्टार्च-आयोडाइड कागद निळा झाला की नायट्राइट पुरेसे झाले. अम्ल कमी पडले तर डायझोॲमिनो संयुग बसून रंग मळकट येतो. हौद सहसा ५° च्या आत ठेवावा लागतो. उन्हाळ्यात हौदात बर्फ घालायला उशीर झाला की नायट्रोजनाचा फेस येतो आणि बेस वाया जातो. जादा अम्ल लड घालण्यापूर्वी सोडियम ॲसिटेटाने मारतात, नाहीतर रंग धरत नाही. अम्ल सुतात तसेच वाळले तर धागा कुजका होतो आणि मागावर तुटतो. ब्लीचिंगचा हायपोक्लोराइट याच अम्लाशेजारी ठेवू नये. दोन्ही एकत्र सांडले की क्लोरीन सुटतो.