भिंग तेच, पेशी मोठी: एक्स्पान्शन मायक्रोस्कोपीची पार्श्वभूमी

पेशीतले सेंट्रिओल हे नळकांडे जेमतेम 200 ते 250 नॅनोमीटर रुंद असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये सांगितलेली प्रकाशाची मर्यादाही साधारण तेवढीच; त्याहून जवळचे दोन बिंदू प्रकाशात वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सेंट्रिओल म्हणजे नुसता ठिपका. त्याच्या भिंतीतली सूक्ष्मनलिकांची (प्रथिनांच्या बारीक नळ्यांची) नऊ त्रिकुटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली, पण कुठले प्रथिन नेमके कुठे बसले आहे, हे त्यातून सहजी कळत नसे.

आबेंची मर्यादा ओलांडणाऱ्या प्रकाशतंत्रांना 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ती यंत्रे मात्र महागडी. जानेवारी 2015 मध्ये एमआयटीच्या फेई चेन, पॉल टिलबर्ग आणि एड बॉयडन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेगळीच वाट दाखवली: यंत्र आहे तेच ठेवा, नमुना फुगणाऱ्या जेलमध्ये बसवून फुगवा. हीच एक्स्पान्शन मायक्रोस्कोपी.

फुगणारे जेल काही नवे नव्हते. बाळाच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा पदार्थ याच कुळातला. एमआयटीतच तोयोइची तानाका यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस जेल का फुगते, का आकसते याचा पाया घातला होता. मला या इतिहासातला हा दुवा सर्वांत मोलाचा वाटतो. निव्वळ कुतूहलापोटी केलेले ते भौतिकशास्त्र साडेतीन दशकांनी जीवशास्त्राच्या कामी आले.

कृती अशी. प्रथिनांना चमकणाऱ्या खुणा लावायच्या, त्या जेलच्या जाळ्याशी पक्क्या बांधायच्या आणि पेशीची घट्ट वीण एन्झाइमने सैल करायची. मग शुद्ध पाणी घालायचे. क्षार धुतले जातात, जाळ्यातले ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, पाणी आत शिरते आणि जेल प्रत्येक दिशेने साडेचार पट वाढते. आकारमान होते सुमारे 90 पट! बहुतेक पाणीच उरल्याने नमुना पारदर्शकही होतो. चकाकी मात्र तेवढीच विरळ होते.

2019 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या पॉल गिशार आणि व्हर्जिनी हामेल यांच्या गटाने या पद्धतीला नवे वळण दिले. त्यांनी प्रथिने पचवून न टाकता उष्णतेने व डिटर्जंटने सैल केली आणि प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटून खूण करणारे रेणू) नमुना फुगवल्यानंतर लावली. क्लॅमिडोमोनास शेवाळातून वेगळ्या काढलेल्या सेंट्रिओलची नऊ त्रिकुटांची रचना प्रकाशात उलगडली. आबेंची मर्यादा ओलांडणाऱ्या स्टेड सूक्ष्मदर्शकाची जोड दिल्यावर त्रिकुटे कुठल्या बाजूला कललेली आहेत, तेही दिसले. पुढे मलेरियाच्या परजीवीचा सांगाडाही याच पद्धतीने पाहिला गेला. सेंट्रिओलचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे आधीच ठाऊक होता, म्हणून जेल सगळीकडे सारखे ताणले गेले की नाही, हे त्यावर ताडून पाहता आले.