टायो : सोलच्या रस्त्यावरून टीव्हीवर गेलेली बस

टायो निळा, रॉगी हिरवा, लानी पिवळी आणि गानी लाल. 'टायो द लिटिल बस' या कोरियन मालिकेतल्या चार छोट्या बस दोन-तीन वर्षांची मुलंसुद्धा रंगावरून ओळखतात. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये भडक रंग असणारच, असं पाहणाऱ्या मोठ्यांना वाटतं. पण हे चार रंग कोणा चित्रकाराला सुचलेले नाहीत. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, १ जुलै २००४ रोजी सगळी बसव्यवस्था एका दिवसात बदलण्यात आली, तेव्हाचे हे रंग आहेत. मालिका आली सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१० मध्ये. त्यामुळे तिची पार्श्वभूमी सांगायची तर सुरुवात स्टुडिओपासून करून चालत नाही, बस डेपोपासून करावी लागते.

२००४ पूर्वी सोलमधल्या बस खासगी कंपन्या चालवत आणि मार्गही बऱ्याच अंशी त्यांच्याच सोयीचे असत. जिथे गर्दी तिथे बसवर बस, आणि जिथे प्रवासी कमी तिथे ताटकळत बसणं. तिकिटाचे पैसे थेट कंपनीच्या गल्ल्यात जात, म्हणून पुढच्या थांब्यावरचे प्रवासी आधी गाठण्यासाठी चालक एकमेकांशी शर्यत लावत. मेट्रोचं जाळं वाढत गेलं, रस्त्यावर खासगी गाड्या वाढल्या आणि बसचे प्रवासी घटत गेले. महापौर ली म्युंग-बाक (हेच पुढे २००८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले) यांच्या काळात महापालिकेने निर्णय घेतला की बस कंपन्यांच्याच राहतील, पण मार्ग, वेळापत्रक आणि भाडं शहर ठरवेल. जमा होणारा सगळा पैसा एकत्र गोळा होईल आणि कंपनीला तिच्या बस किती किलोमीटर धावल्या यावर मोबदला मिळेल. चालकाला प्रवाशांसाठी शर्यत लावण्याचं कारणच उरलं नाही.

रंग आले ते याच फेररचनेतून. शहराच्या दूरदूरच्या भागांना हमरस्त्यांनी जोडणारी बस निळी. गल्लीबोळांतून माणसं आणून मेट्रोला किंवा निळ्या बसला जोडून देणारी हिरवी. शहराच्या मध्यवर्ती भागात गोल फिरणारी पिवळी. उपनगरांतून थेट शहरात येणारी जलद बस लाल. क्रमांकही अर्थपूर्ण केले गेले. शहराचे विभाग पाडले आणि निळ्या बसच्या क्रमांकातला पहिला आकडा ती कुठून निघते ते सांगू लागला, दुसरा ती कुठे जाते ते. ३७० क्रमांकाची बस म्हणजे तिसऱ्या विभागातून सातव्या विभागात जाणारी. सोबत टी-मनी हे स्मार्ट कार्ड आलं. बसमधून उतरून मेट्रोत चढलं तरी भाडं एकूण अंतरावरच लागू लागलं. सुरुवातीला ते पहिल्या दहा किलोमीटरना ८०० वॉन आणि पुढच्या दर पाच किलोमीटरना १०० वॉन असं होतं. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका आखल्या गेल्या.

पहिला आठवडा गोंधळाचा गेला. कार्ड वाचणारी यंत्रं बंद पडली, जुने क्रमांक पाठ असलेले लोक भलत्याच बसमध्ये चढले, आणि महापौरांना जाहीर माफी मागावी लागली. पण घडी बसली. जगभरच्या शहरांतले अधिकारी ती पाहायला सोलला जाऊ लागले. ही व्यवस्था फुकटात चालत नाही हेही नोंदवायला हवं. कंपन्यांची तूट महापालिका दरवर्षी आपल्या तिजोरीतून भरून काढते आणि त्यावर तिथे आजही वाद होतात.

आता स्टुडिओकडे वळू. कोरियात ॲनिमेशनचे हात फार पूर्वीपासून तयार होते, पण ते दुसऱ्यांची चित्रं काढत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी आणि पुढे अमेरिकन कंपन्यांची कामं सोलमध्ये कंत्राटावर होत असत. 'द सिम्पसन्स'सारख्या जगप्रसिद्ध अमेरिकन मालिकेची हजारो चित्रं सोलच्या ॲकॉम स्टुडिओत रंगली. कथा, पात्रं, हक्क आणि नफा मात्र परदेशातच राहायचा. कंत्राटी ॲनिमेशनवर वाढलेल्या आपल्याकडच्या स्टुडिओंना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. कोरियन टीव्हीवर मुलं जपानी कार्टून पाहत. १९८८ च्या ऑलिम्पिकसाठी जग आपल्याकडे येणार आणि आपल्या वाहिन्यांवर मात्र शेजाऱ्याचीच कार्टून, ही बोच सरकारला लागली, आणि १९८७ मध्ये केबीएस या सार्वजनिक वाहिनीने देशी मालिका दाखवायला सुरुवात केली. भटक्या काची आणि डायनोसॉरचं पिल्लू डूली ही पात्रं त्यातूनच घरोघरी पोहोचली.

खरी धोरणात्मक कलाटणी मिळाली ती १९९४ मध्ये. 'ज्युरासिक पार्क' या एका चित्रपटाची कमाई ह्युंदाईच्या पंधरा लाख मोटारींच्या निर्यातीइतकी आहे, असा हिशोब राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाने त्यांच्यापुढे मांडला. हा दाखला कोरियात पुढे इतक्या वेळा दिला गेला की तो जवळपास म्हणीसारखा झाला. गोष्टी आणि पात्रं हाही उद्योग आहे हे सरकारी फाइलींत शिरलं. २००१ मध्ये या क्षेत्राला पाठबळ देणारी सरकारी संस्था उभी राहिली. २००५ मध्ये मोठ्या वाहिन्यांवर बंधन आलं की एकूण प्रसारणवेळेतला साधारण एक टक्का वेळ नव्या देशी ॲनिमेशनला द्यायचाच. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्याचा माल कोणी दाखवतच नव्हतं त्या निर्मात्याला तो पुरेसा आधार होता.

टायोमागच्या कंपनीचे संस्थापक चोई जोंग-इल हे आधी एका जाहिरात कंपनीत काम करत आणि तिथेच ॲनिमेशनकडे वळले. थोड्या मोठ्या मुलांसाठी केलेल्या कामाला मनासारखं यश आलं नाही. त्या वयोगटात जपानशी टक्कर होती आणि चित्रपटांत अमेरिकेशी. २००१ मध्ये त्यांनी आयकॉनिक्स ही कंपनी काढली आणि अजून शाळेत जायचं वय न झालेल्या मुलांचा गट निवडला, कारण तिथे जपानचा जोर कमी होता. विमानचालकाचा चष्मा घातलेला, उडायची स्वप्नं पाहणारा छोटा पेंग्विन पोरोरो २७ नोव्हेंबर २००३ रोजी ईबीएस या शैक्षणिक वाहिनीवर आला. पाच-पाच मिनिटांचे भाग, बर्फातलं गाव, आणि कुठलाही खलनायक नाही. पात्रं आपसांत भांडतात, रुसतात आणि पुन्हा खेळायला लागतात. तान्ह्या मुलांवर त्याची एवढी हुकमत चालली की कोरियन पालकांनी त्याला मुलांचा राष्ट्राध्यक्ष म्हणायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्याची टपाल तिकिटंही निघाली.

पोरोरोच्या निर्मितीत आयकॉनिक्स, ओकॉन हा स्टुडिओ, एक दूरसंचार कंपनी आणि ईबीएस असे चौघे भागीदार होते, आणि सुरुवातीच्या काही भागांचं काम उत्तर कोरियातल्या सामचोल्ली कंपनीत झालं. दोन कोरियांत संबंध जरा सैल झाले होते, त्या थोड्या काळातली ही गोष्ट. २०११ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाच्या मालावरचे निर्बंध कडक केले, तेव्हा हा पेंग्विन अमेरिकेत बेकायदा ठरणार का, अशी चर्चा वर्तमानपत्रांत रंगली. माहितीपर साहित्याला सूट असल्याने त्याची सुटका झाली.

पोरोरो बर्फात राहतो. तो कुठल्याच देशाचा वाटत नाही, आणि परदेशी वाहिन्यांना विकताना हाच त्याचा मोठा गुण ठरला. टायोच्या बाबतीत आयकॉनिक्सने नेमका उलटा रस्ता धरला, आणि मला हा निर्णय पोरोरोपेक्षाही धाडसी वाटतो. या वेळी ईबीएसबरोबर भागीदार होती सोलची महापालिका. महापौर होते ओ से-हून. शहराचं रूप, बोधचिन्हं, डिझाइन यांवर त्यांच्या प्रशासनाचा भर होता आणि २०१० मध्ये सोल जागतिक डिझाइन राजधानी म्हणून मिरवत होतं. शहराला स्वतःची पात्रं हवी होती आणि आयकॉनिक्सला पुढची मालिका. बसचे चार रंग आधीच रस्त्यावर धावत होते आणि शहरातलं प्रत्येक मूल ते रोज खिडकीतून पाहत होतं.

मालिकेची मांडणी पाहिली की बसव्यवस्थेचा अभ्यास किती आत मुरला आहे ते कळतं. टायो नवखा आहे. त्याला मार्ग पाठ करायचा आहे, थांबा चुकवायचा नाही, सिग्नल पाळायचा आहे. डेपोत हाना नावाची मेकॅनिक आहे, ती बिघाडही काढते आणि समजूतही. सीटू ही अनुभवी जुनी बस नव्यांना शिकवते. टॅक्सी, पोलिसांची गाडी, रस्ता दुरुस्त करणारी यंत्रं ही शेजारपाजारची मंडळी. वेगाची घमेंड असलेल्या स्पोर्ट्स कारही येतात, पण मुलाचं मन जिंकतो तो वेळेवर थांब्यावर पोहोचणारा. बोलणाऱ्या गाड्यांच्या गोष्टी जगात आधीही पुष्कळ होत्या. टायोचं वेगळेपण हे की त्याचं काम ही सार्वजनिक सेवा आहे. प्रवासी वाट पाहत आहेत, ही काळजी जवळपास प्रत्येक भागात असते. तीन वर्षांच्या मुलाला एवढी मोठी गोष्ट इतक्या सहज सांगणारी मालिका मला दुसरी ठाऊक नाही.

मग मार्च २०१४ मध्ये उलटा प्रवास घडला. महापौर आता पार्क वॉन-सून होते. सार्वजनिक वाहतुकीचा प्रचार म्हणून चार खऱ्या बसच्या तोंडावर डोळे आणि हसू चिकटवण्यात आलं. निळ्या ३७० क्रमांकाची बस टायो झाली, उपनगरातून येणारी लाल ९४०१ गानी. शहरात पिवळ्या बस तोवर अगदी मोजक्या उरल्या होत्या, म्हणून लानीला हिरव्या बसच्या मार्गावर धावावं लागलं. बेत होता महिनाभराचा. पण आईवडील मुलांना घेऊन थांब्यांवर तासन्‌तास उभे राहू लागले आणि कुठली बस आत्ता कुठे आहे हे मोबाइलवर शोधू लागले. २००४ च्या सुधारणेसोबत आलेली बसचा माग ठेवणारी यंत्रणा अशी चिमुकल्यांच्या कामी आली. ५ मेच्या बालदिनाआधी अशा बसची संख्या शंभरवर न्यायचं ठरलं आणि इतर शहरांनीही आपापले टायो मागायला सुरुवात केली.

जूनमध्ये स्थानिक निवडणुका होत्या, त्यामुळे श्रेयाचा वाद पेटायला वेळ लागला नाही. मालिका आमच्या ओ से-हून यांच्या काळातली, असं विरोधक म्हणाले. बस रस्त्यावर आणली पार्क यांनी. आणि रंग तर ली म्युंग-बाक यांच्या कारकिर्दीतले. ली आणि ओ एका पक्षाचे, पार्क विरुद्ध गोटातले, आणि भांडणं कडवी. तरीही आधीच्याने सुरू केलेलं काम पुढच्याने मोडलं नाही, उलट त्यात भर घातली, म्हणून टायो घडला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच बाब.

पैशाची बाजू मात्र बिकट होत चालली आहे. पोरोरो आला त्या २००३ मध्ये दक्षिण कोरियात सुमारे ४ लाख ९० हजार मुलं जन्मली. २०२३ मध्ये ही संख्या २ लाख ३० हजारांच्या घरात आली आणि प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे होणारी सरासरी मुलं, ०.७२ वर. ज्या वयासाठी या मालिका बनतात ते वयच देशातून आटत आहे. म्हणून परदेशी वाहिन्या, खेळणी, यूट्यूबवरची गाणी यांवर कंपन्यांचा भार वाढला आहे. टायोची इंग्रजी गाणी त्याच वाटेने आपल्याकडच्या मोबाइलवरही पोहोचतात. तिथे जोर गोष्टीपेक्षा चटकन चालणाऱ्या तुकड्यांवर असतो, आणि सिग्नलवर थांबायला शिकणाऱ्या बसची अकरा मिनिटांची सावकाश कथा त्या बाजारात मागे पडते. मूळ मालिकेमागे नफ्याची घाई नसलेली एक शैक्षणिक वाहिनी आणि एक महापालिका उभी होती. फक्त व्ह्यूजच्या हिशोबावर कोणी पहिल्या पर्वाचे २६ भाग काढायला धजावलं असतं, असं मला वाटत नाही.