लपवलेल्या थीमचं शब्दकोडं: आलं कुठनं, आणि आपल्याकडं कुठं अडलं

शब्दकोडं म्हटलं की आपल्या बेळगाव-खानापूरकडं बहुतेकांना पेपरातलं ते साधं कोडंच आठवतं, 'घोडा' विचारलं की 'अश्व' लिहायचं आणि चहा संपायच्या आत पेन खाली ठेवायचं. क्रिप्टिक कोडं, म्हणजे सूचनेतच शब्दांची करामत करून उत्तर दडवलेलं, ते वेगळं. आणि त्यातही ज्याच्या पोटात थीम लपवलेली असते, म्हणजे निम्मी घरं भरल्यावर डोक्यात प्रकाश पडतो की अरे ही सुटी उत्तरं नव्हेतच, सगळे एकाच माळेचे मणी, ते तर अजूनच वेगळं.

मूळ कोडं अमेरिकेतलं. २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन नावाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या माणसानं हिऱ्याच्या आकाराचं 'वर्ड-क्रॉस' छापलं, ते अगदी सरळ होतं. वाकडेपणा आणला इंग्रजांनी. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉविस मॅदर्स कोडी घालायला लागला आणि टोपणनाव घेतलं टॉर्कमाडा, म्हणजे स्पेनमधला तो लोकांचा छळ करणारा धर्माधिकारी, त्यावरनं सोडवणाऱ्यांचे काय हाल असतील ते ओळखा. १९३९ ला तो वारला, मग झिमेनीस हे नाव घेऊन डेरिक मॅकनट आला आणि त्यानं जरा शिस्त लावली, की सूचनेच्या एका टोकाला सरळ अर्थ पाहिजे, उरलेल्या भागात शब्दांची करामत पाहिजे, आणि फालतू शब्द एकही नको. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही.

मराठीत करून दाखवतो. 'मुकुंदाच्या पोटातली बेळगावची मिठाई (२)'. मुकुंदा नीट बघा की, आत 'कुंदा' बसलाय. पोटातली म्हणजे शब्दाच्या आत, बेळगावची मिठाई म्हणजे सरळ अर्थ, संपलं. किंवा 'इथं पाणी नाही म्हणे, तंबाखू मात्र चिक्कार (३)', उत्तर निपाणी.

आता थीम. याचं मोठं घर म्हणजे बीबीसीचं साप्ताहिक 'द लिसनर', तिथं १९३० च्या एप्रिलपासून कोडं सुरू झालं आणि हळूहळू त्याची ख्यातीच अशी झाली की काही घरांना सूचनाच नाही, भरलेल्या चौकटीतनं पुन्हा काहीतरी शोधायचं. साप्ताहिक १९९१ ला बंद पडलं तरी ते कोडं लंडनच्या 'टाइम्स'नं चालू ठेवलं. रोजच्या पेपरात मात्र थीम जास्त गुपचूप असते, काही सांगतच नाहीत, सापडली तर सापडली. चौकटीत असं लपवलेल्या नावाला किंवा वाक्याला तिकडं 'नीना' म्हणतात, कारण अल हर्शफेल्ड हा अमेरिकन व्यंगचित्रकार, १९४५ ला मुलगी झाल्यावर तिचं नाव चित्रातल्या केसांत, बाहीच्या चुण्यांत लपवायला लागला आणि लोकांना ते शोधायचा नादच लागला.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतो तो 'गार्डियन'चा अरॉकेरिया, खरं नाव जॉन ग्रॅहम, चर्चमधला पाद्री. जानेवारी २०१३ मध्ये, वय ९१, त्यानं कोड्याच्या वर एक ओळ टाकली की अरॉकेरियाला एकोणीस नंबरचा अठरा उभा झालाय आणि त्यावर तेरा-पंधरा चालू आहे. लोक घरं भरत गेले, आणि उत्तरं निघाली कॅन्सर, अन्ननलिका, आणि त्रास कमी करण्यापुरते उपचार. स्वतःचा आजार त्यानं आपल्या सोडवणाऱ्यांना असा कळवला, रडगाणं नाही काही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला.

पण लपवून सांगायची ही तऱ्हा आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. समर्थांनी शिवाजी महाराजांना पाठवलेल्या म्हणून ज्या ओळी सांगतात त्या लहानपणी ऐकल्या असतील, 'विवेके', 'जाणार', 'पुढील', 'रहाटोचि' असं प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेत खाली गेलं की 'विजापुरचा सरदार निघाला आहे' असा निरोप निघतो. अभ्यासक त्यावर भांडतात, ती आख्यायिका आहे म्हणून सोडून दिली तरी रचना बघा, पक्की नीना आहे ती! आणि 'मुंगी उडाली आकाशी'सारखी कूटं आपल्याकडं म्हातारी माणसं सहज म्हणत आली.

मग मराठी कोडं क्रिप्टिककडं का गेलं नाही? एक कारण मला पैशाचं वाटतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडं शब्दकोडं गाजलं ते बक्षिसासाठी, फी भरायची, एका घरात दोन-दोन शब्द बसतील अशा सूचना, आणि आयोजकानं आधी ठरवलेला शब्द जुळला तर पैसे. गंमत म्हणजे यात पण आपला सीमेचा वाद आहे. आर.एम.डी.सी. या बक्षिसाची कोडी चालवणाऱ्या धंदेवाल्यांची कोडी बेंगळुरातनं, म्हणजे म्हैसूर राज्यातनं 'स्पोर्टिंग स्टार' या पेपरात निघायची आणि खेळणारे ढिगानं मुंबई राज्यातले, ज्यात १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपलं बेळगाव पण होतं. मुंबई सरकारनं कर लावला, ते म्हणाले आम्ही तुमच्या हद्दीतच नाही, आणि १९५७ ला सुप्रीम कोर्टानं मुंबईचं म्हणणं धरलं, वर हे सरळ जुगारात मोडतं हेही सांगितलं. त्याआधी १९५५ च्या केंद्राच्या कायद्यानं महिन्याचं बक्षीस हजार रुपयांवर आणलं होतं. त्यानंतर मराठी पेपरात कोडं उरलं ते निरुपद्रवी. इंग्रजी क्रिप्टिक 'हिंदू'त १९७१ पासून येतं, पहिली पहिली कोडी घालणारे ॲडमिरल कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख, पण तो नाद इंग्रजी पेपर वाचणाऱ्यांपुरताच राहिला.

दुसरी अडचण चौकटीची. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर, आपल्याकडं काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर, त्यामुळं 'व' आणि 'वा' एकमेकांना छेदत नाहीत. थीम तर आपल्याकडं तयारच आहे. 'गाडी, मग तलवारीचा घाव: समुद्रकाठचं गाव (४)' म्हणजे कारवार. 'कपाळाला आपल्या लोकांची ती वाक्याच्या शेवटची पुस्ती जोडली की उदगीरच्या पलीकडचं गाव (३)' म्हणजे भाल अधिक की, भालकी. कारवार, निपाणी, बिदर, भालकी यातली दोन सुटली की सीमाभागातलं शेंबडं पोरगं पण सीमालढ्याची उरलेली घोषणा म्हणून दाखवेल, सूचना नसलेल्या घरात काय लिहायचं ते त्याला कोण सांगायला नको.

फक्त बसवताना घाम निघतो. बिदर आणि कारवार 'र'वर मस्त छेदतात, पण बेळगावचं एकही अक्षर बाकीच्या चारांत नाही, 'व' आहे तर तिकडं 'वा'. मधे दुसरा शब्द घालावाच लागतो. बेळगावच्या 'गा'वरनं खाली 'गाफील' उतरवला तर तिसऱ्या ओळीत त्याच्या 'ल'वर भालकी बरोबर बसते. निपाणीला अजून जागा मिळायची आहे.