दुसऱ्याचा गेन फुल, आपला बेताचा

चाळीसगावच्या एका हौशी मित्राने परवा एक तक्ता पाठवला. एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर, बनवणाऱ्या कंपनीने आपला आणि प्रतिस्पर्ध्याचा माल स्वतःच तपासला होता. निकाल अर्थातच ठरलेला. मित्राचा प्रश्न: "भाऊ, यातला कोणता घेऊ?"

मी विचारलं, "दोघांचा गेन किती ठेवला होता?" गेन म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते. तक्त्यात ते कुठेच नव्हतं.

एसडीआरमध्ये अँटेनाकडून आलेल्या लहरींचे आकडे होतात आणि पुढचं सगळं काम सॉफ्टवेअर करतं. 2012 च्या सुमारास टीव्हीचे स्वस्त डोंगल यासाठी चालतात हे कळलं आणि हा छंद फोफावला. त्यांचं मोजमाप 8 बिटचं, म्हणजे फक्त 256 पायऱ्या.

खरी गंमत त्याआधीच्या अँप्लिफायरमध्ये आहे. तो कधीच शंभर टक्के सरळ वागत नाही. समजा 107 आणि 91 मेगाहर्ट्झवर दोन जोरदार एफएम स्टेशनं आहेत. अँप्लिफायर त्यांची खिचडी करतो आणि 107 ची दुप्पट वजा 91, म्हणजे 123 वर एक तिसरंच स्टेशन उगवतं. तो विमानांचा पट्टा. तिथे गाणी कुठून येणार? या भुताची खोड अशी, की गेन 10 डेसिबल वाढवला तर खरा सिग्नल 10 ने वाढतो, भूत मात्र 30 ने. म्हणजे खरा दहापट, भूत हजारपट. दुसऱ्याचा गेन फुल आणि आपला बेताचा ठेवला की काम फत्ते.

मग सगळ्यांचाच गेन कमी ठेवावा? तेही नाही, कारण त्याने बारीक सिग्नल गोंगाटात बुडतात. आधी दोन्ही रिसीव्हर सारखेच संवेदनशील होतील असे लावायचे, भुतं त्यानंतर मोजायची. त्यातही, अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलणाऱ्या रिसीव्हरमध्ये हा तिपटीचा नियम नीट लागूच होत नाही. पायऱ्यांच्या चुका सिग्नल कमी केला तरी हटत नाहीत. उलट अँटेनावर बरेच सिग्नल असले तर त्या विखुरतात. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या दोन स्वच्छ सुरांवरून काढलेला आयपी3, म्हणजे रिसीव्हर भुतांना किती तोंड देतो ते सांगणारा आकडा, इथे फसवा ठरतो. त्यापेक्षा सगळा पट्टा गोंगाटाने भरावा, मध्ये एक फट मोकळी सोडावी आणि ती किती बुजते ते पाहावं. या चाचणीला नॉईज पॉवर रेशो म्हणतात.

स्क्रीनवरची गोंगाटाची रेघ हा आणखी एक चकवा. सेकंदाला 24 लाख नमुने घेऊन फ्रिक्वेन्सीचे 1024 कप्पे पाडले तर एक कप्पा सुमारे 2300 हर्ट्झचा. तेच 65536 पाडले तर 37 हर्ट्झचा. लहान कप्प्यात गोंगाट कमी मावतो, म्हणून रेघ 18 डेसिबल खाली जाते आणि रिसीव्हर जराही सुधारलेला नसतो!

आपल्याकडे पाणाड्या नारळ घेऊन शेतात फिरतो, लागलेल्या बोअरची गावभर चर्चा होते, कोरड्या गेलेल्या कुणी मोजत नाही. असल्या तक्त्यांचं शास्त्र त्याच जातीचं.

मित्राला दोनच कामं सांगितली. पहिलं, सिग्नल 10 डेसिबलने कमी करणारा अटेन्युएटर आणून हातातल्या डोंगलला लाव. जे स्टेशन 10 पेक्षा बरंच जास्त पडेल, ते भूत. दुसरं, शॉर्टवेव्हसाठी संवेदनशीलतेच्या आकड्यामागे लागू नकोस. शेतातल्या सोलर पंपाचा कंट्रोलर चालू असला की त्याचाच गोंगाट रिसीव्हरच्या कितीतरी वर असतो.

अटेन्युएटर त्याने मागवलाय. पंप बंद करायला त्याचे काका तयार नाहीत.